काचेच्या तारेवर गोधड्या

सोयाबीनची पानं गळली की शेतात एक आवाज सुरू होतो. पाच-सहा दिवसांत सगळं पान खाली येतं, नुसत्या तपकिरी शेंगा झाडाला चिकटून उरतात, आणि ऊन चढलं की त्या वाऱ्यानं खुळखुळायला लागतात. सकाळी दव असेतोवर काही नाही. साधारण अकराच्या पुढे. आज ओट्यावर भाजी निवडत बसले होते, तेव्हा तो आवाज कानावर आला आणि हात थांबला. घट बसायला आठवडा राहिला आहे. म्हणजे वर्ष झालं.

मी एकतीस वर्षं उज्जैनच्या माधवनगरातल्या मुलींच्या शाळेत भूगोल शिकवला. माळव्याची काळी माती, तिचे गुणधर्म, तीत येणारी पिकं, हे सगळं मी फळ्यावर इतक्या वेळा लिहिलं की खडू आपोआप चालायचा. त्या मातीत चप्पल रुतली की ती चप्पल तिथेच सोडून द्यावी लागते, हे मात्र मला साठी उलटल्यावर कळलं. शेत माझं नाही, दादाचं. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाल्यावर त्यानं भैरवगढ़च्या पुढे बारा-तेरा किलोमीटरवर सहा बिघे जमीन घेतली, कडुलिंबाखाली दोन खोल्या बांधल्या, आणि वहिनी गेल्यावर तो तिथेच राहायला गेला. मी म्हणायचे, "अरे, शहरात काय कमी आहे तुला?" तो म्हणायचा, "तू रविवारी येत जा म्हणजे काहीच कमी पडणार नाही." मी लग्न केलं नाही. त्याबद्दल लोक जितकं बोलले तितका विचार मी कधी केला नाही, पण रविवार मला लागायचा.

दीड वर्षापूर्वी, गहू ओंबीवर आलेला असताना, दादाला अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. समजत सगळं होतं, ओळखत सगळ्यांना होता, शब्द मात्र तोंडापर्यंत येऊन तिथेच अडकायचे. त्याची मुलगी मनू पुण्याहून आली, तीन आठवडे इथल्या दवाखान्यात काढले आणि होळीच्या सुमाराला त्याला घेऊन गेली. जाण्याआधी तिनं विचारलं, "बाबा, शेत काढून टाकू या का?" दादानं डाव्या हातानं पलंगावर थाप मारली. थाप म्हणजे नाही. "मग बघणार कोण?" त्यावर त्यानं मान वळवली आणि माझ्याकडे पाहिलं. वर्गात उत्तर येत नसलेली मुलगी जशी खाली बघते तशी मी खाली बघायचा प्रयत्न केला, पण तो मोठा भाऊ. मी म्हटलं, "एक हंगाम बघते."

तो एक हंगाम अजून चालू आहे.

शेताचं खरं काम रामेश्वर बघतो, आणि त्याची बायको सज्जनबाई. दोघंही दादाच्या वेळेपासूनचे. दादाला गावात सगळे दासाब म्हणत आणि मला बेनजी म्हणतात, कारण मास्तरीण कुठेही गेली तरी बेनजीच. माणसं चांगली आहेत. पण एक गोष्ट मला इथे आल्यावर पहिल्या पंधरवड्यातच कळली, आणि ती कुणाला सांगण्यासारखी नव्हती. दिवसभरात माझ्या तोंडून मराठीचा एक शब्द जायचा नाही. माधवनगरातही आम्ही बाहेर हिंदीच बोलतो, आमच्या मराठीतही निम्मी हिंदी मिसळलेली, पुण्याचे पाहुणे त्यावर हसतात. तरीपण तिथे जिन्यात कुणीतरी "काय गं, झाला का स्वयंपाक?" म्हणणारं भेटायचं. इथे मी आमटीला फोडणी देताना मोठ्यांदा बोलायला लागले. स्वतःचाच आवाज ऐकून दचकायचे.

फोन होता, पण घरात सिग्नल नाही. सिग्नल विहिरीवर. पंपाच्या खोलीला टेकून उभं राहिलं की दोन दांड्या दिसतात, तिथून साधं बोलणं होतं. व्हिडिओचा फोन लावला की दादाचा चेहरा चौकोनाचौकोनात फुटायचा, एक डोळा वर, हनुवटी बाजूला, आणि मग तो तसाच थिजायचा. म्हणून साधा फोन करायचे. मनू फोन त्याच्या कानाला लावायची आणि मी बोलायचे, "दादा, कसा आहेस? तबियत कशी आहे? जेवलास?" पलीकडून नुसता श्वास यायचा. मध्येच "अं... अं..." असा एक आवाज, मग पुन्हा श्वास. तीन-चार वाक्यांत माझं बोलणं संपायचं. समोरून उत्तर नाही म्हटल्यावर काय बोलायचं? मी घाईनं म्हणायचे, "बरं दादा, ठेवते हं," आणि ठेवून द्यायचे. चैत्रात एकदा त्यानं बोलायची फार धडपड केली, जमलं नाही, तेव्हा फोन भिरकावून दिला आणि रडला. मनू म्हणाली, "आत्या, साधा फोन नको करत जाऊस गं. त्यांना त्रास होतो. व्हिडिओ जमेल तेव्हाच कर." मला खरं सांगायचं तर सुटल्यासारखं झालं. हे लिहिताना लाज वाटते, पण झालं.

नेट गावात आलेलंच होतं, असं सगळे म्हणायचे. रस्त्याच्या कडेनं कधीतरी नारिंगी नळी पुरून गेले होते. पंचायतीच्या खोलीत भिंतीवर एक पांढरी पेटी होती, तिला कुलूप होतं, आणि पेटीखाली खताच्या गोण्या रचलेल्या. किल्लीचा विषय काढला की प्रत्येकजण दुसऱ्या कुणाचं तरी नाव घ्यायचा. मी रोज सकाळी जाऊन पंचायतीच्या ओट्यावर बसायला लागले. भांडले नाही, नुसती बसले. मास्तरीण समोर येऊन बसली की भल्याभल्यांना जुनं काहीतरी आठवतं आणि ते अस्वस्थ होतात. आठव्या दिवशी किल्ली सापडली.

मग चौहान आला. पन्नाशीचा, मिशीला कलप लावणारा, पूर्वी टीव्हीच्या केबलचं काम करायचा, आता ही नवी तार ओढतो. पंचायतीपासून विजेच्या खांबांवरून त्यानं काळी तार आणली, शेवटचे खांब कमी पडले म्हणून ती कडुलिंबाला बांधली आणि तिथून अंगणावरून घराच्या गच्चीपर्यंत ताणली. तार डोक्याच्या थोडीशीच वर होती. मी घाबरून विचारलं, "इतनी नीचे? किसी को शॉक लग गया तो?" तो हसला. "बेनजी, इसमें ताँबा-वाँबा कुछ नहीं है. अंदर काँच का धागा है, बाल जैसा. करंट है ही नहीं इसमें. छू लो." मी हात वर करून तारेला बोट लावलं. उन्हानं कोमट झालेली होती. दोन वाक्यं त्यानं सांगितली होती, त्यातलं करंट नसल्याचं वाक्य माझ्या डोक्यात राहिलं. काचेचं राहिलं नाही.

श्रावण होता. घरात चौहाननं बसवलेल्या छोट्या पेटीवर हिरवा दिवा लागला आणि मी फोन लावला. दादाचा चेहरा अख्खा आला. गालावर दाढीचे पांढरे खुंट, कानाच्या मागे पावडर राहिलेली, सगळं दिसलं. मी म्हटलं, "दादा, तुझी दाढी कोण करतं रे? असं अर्धवट कापणी केल्यासारखं?" त्यानं डाव्या बोटानं मनूकडे दाखवलं आणि हसला. तोंडाची एकच बाजू हसली. मीही हसले आणि पदर डोळ्याला लावावा लागला. मागे सज्जनबाई उभी होती, तिनं पुढे वाकून फोनमध्ये पाहिलं. "दासाब दुबळे हो गिये," म्हणाली.

त्या दिवसापासून रोज पाच वाजता फोन. वायफाय कडुलिंबापर्यंतच यायचं. त्याच्या पलीकडे दोन पावलं टाकली की दादा थिजलाच. त्यामुळे शेतातलं जे काही त्याला बघायचं असेल ते अंगणात आणावं लागे. रामेश्वर एखादं झाड मुळासकट उपटून आणायचा, ओंजळीत माती आणायचा, ट्रॅक्टरचं टायर दाखवायला ट्रॅक्टर आणायचा. एकदा बकरीनं बांधावरची तूर खाल्ली, तर तिचीही पेशी झाली. दादाच्या खुणा ठरत गेल्या. एक बोट वर केलं की माती दाखव. मूठ वळली की जवळ आण. पसरलेला तळवा हलवला की राहू दे. मी झाड फोनसमोर धरायचे, "दादा, बघ, एका फलीत तीन दाणे. ही बघ, ही पण तीन." त्याची मूठ वळायची. मी शेंग आणखी जवळ न्यायचे. सज्जनबाईला मराठीतला तेवढा एक शब्द पाठ झाला होता. पाच वाजले की लांबून ओरडायची, "बेनजी, बघ बघ का टेम हो गिया!"

उत्तर तो देऊ शकत नव्हता, पण मी मराठीत बोलत होते आणि ते ऐकताना त्याचा चेहरा बदलत होता. माझ्या अख्ख्या दिवसातला तेवढा पाऊण तास मी माणसात असायचे.

दादाची एक सवय होती. मळणी झाली, सोयाबीनची रास लागली की पोती भरायच्या आधी तो बाही वर सारून राशीत कोपरापर्यंत हात खुपसायचा आणि डोळे मिटून क्षणभर तसाच बसायचा. "आत गरम असतं," म्हणायचा. मी त्याला हसायचे. मी रविवारची पाहुणी, मला त्या धुळीत हात घालायची इच्छा कधी झाली नाही. भाद्रपद लागला तेव्हा एका संध्याकाळी दादानं फोनसमोर स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं, मग डोळ्यावर, आणि मग मांडीवरच्या पांघरुणाच्या घडीत डावा हात कोपरापर्यंत खुपसला. मनू म्हणाली, "बाबा, थंडी वाजते का?" त्यानं जोरात थाप मारली. मला कळलं. "रास बघायची आहे, दादा?" त्यानं डोळे मिटले आणि उघडले. मी शब्द दिला. रास दाखवीन.

खळं शेताच्या त्या टोकाला, वायफायच्या बाहेर. मी रामेश्वरला सांगितलं, यंदा मळणी अंगणात. तो माझ्याकडे बघतच राहिला. "आँगन में थ्रेसर? पूरा भूसा आपकी रसोई में जाएगा, बेनजी."

"जाने दो. दासाब को देखना है."

दुसऱ्या दिवशी त्यानं अंगणातले दगड वेचून बाजूला केले आणि सज्जनबाईनं सारवून घेतलं.

आणि मग मी गोधड्या धुतल्या.

घट बसायच्या आधी घरातलं सगळं अंथरूण-पांघरूण धुवायचं, हे आमच्या घरात आईनं कधी चुकवलं नाही. उज्जैनला आम्ही किती पिढ्या आहोत, खाण्यापिण्यात, बोलण्यात इथले होऊन गेलो, पण नवरात्राआधीची ती धुणी तशीच राहिली. लहानपणी गच्चीवर गोधड्यांच्या भिंती व्हायच्या आणि दादा नि मी त्यांच्या ओल्या सावलीत लपायचो. दादाच्या घरात पाच गोधड्या निघाल्या. भैरवगढ़च्या ठशांच्या छपाईच्या दोन, आणि एक आईच्या नऊवारीची, जाड, चार माणसांना पुरेल अशी. ती दादाची. सज्जनबाई म्हणाली, "अभी से धुलाई? दिवाली में तो टेम है." मी म्हटलं, "हमारे में नवरात्रि से पहले होता है." पंपाच्या धारेखाली दोघींनी मिळून बडवल्या. वाळत घालायची दोरी दोन गोधड्यांतच भरली. कुंपण काट्यांचं. आणि समोर अंगणावर ती लांबच लांब काळी तार, भर उन्हात, घट्ट ताणलेली, जिच्यात करंट नाही.

मी स्टुलावर चढून आईची गोधडी तिच्यावर टाकली. निथळत होती, उचलवत नव्हती. मग आणखी दोन. दुपारी तार इतकी झुकली की गोधडीचा काठ जमिनीला लागायला आला, म्हणून मी तो उचलून तारेवर आणखी एक घडी घातली. पावणेपाचला वाळलेल्या गोधड्या काढल्या, छान ऊन खाल्लेला वास येत होता, घड्या केल्या. पाच वाजता फोन लावला. पेटीवर लाल दिवा.

मला कारण सुचलं नाही. वीज असेल, पेटी तापली असेल. बंद केलं, चालू केलं. दुसऱ्या दिवशीही लालच. विहिरीवर जाऊन तक्रारीच्या नंबरावर लावलं, एका यंत्रातल्या बाईनं तक्रार नोंदवून घेतली. चौहानला लावलं. "बेनजी, कटाई चल री है, मेरी खुद की भी. आता हूँ एक-दो दिन में." आमचीही कापणी त्या दिवशी संपली होती. कापलेलं सोयाबीन अंगणाच्या कडेला ढिगानं रचलेलं, थ्रेशर ठरलेलं. तिसऱ्या दिवशी सकाळी पश्चिमेकडे आभाळ काळं झालं.

"बेनजी, पानी गिर गिया तो दाना काला पड़ जाएगा. थ्रेसर आज मिल रिया है."

"एक दिन रुक जाओ, रामेश्वर. चौहान आज आने का बोला है."

तो थांबला. ढिगावर ताडपत्री टाकून दिवसभर आभाळाकडे बघत बसला. चौहान आला नाही. पाऊस शेजारच्या गावावर पडून गेला, इथे नुसता गार वारा सुटला. चौथ्या दिवशी सकाळी रामेश्वर पुन्हा आला आणि एवढंच म्हणाला, "दासाब होते तो क्या बोलते?" दादा काय म्हणाला असता हे मला माहीत होतं. मी मान हलवली.

अंगणात मळणी झाली. धूळ घरभर झाली, दुधाच्या पातेल्यातही भुसा पडला. दुपारी चारच्या सुमारास मशीन थांबलं आणि कडुलिंबाखाली रास दिसली, पिवळी, स्वच्छ. मी बाही वर सारली आणि हात घातला. कोपरापर्यंत गेला. आत गरम होतं. दादा खरंच सांगत होता. बाहेरचे दाणे गार, आणि बोटं जिथे पोचली तिथे ऊब. मी कितीतरी वेळ हात तसाच ठेवून बसले. सज्जनबाई म्हणाली, "दासाब को फोन लगा दो, बेनजी. कुएँ पे जाके."

"फोन पे वो क्या बोलेंगे, सज्जनबाई?"

ती सूप घेऊन दाणे पाखडायला बसली. मी फोनमध्ये राशीचे फोटो काढले, विहिरीवर जाऊन पाठवायला लागले. गोल चक्र फिरत राहिलं. पाचची वेळ होती. बोलण्यापुरत्या दोन दांड्या दिसत होत्या. हातात फोन होता आणि मी फोन लावला नाही. पुन्हा तो श्वास ऐकायचा, त्याला रडवायचं, आणि सांगायचं काय, की रास झाली आणि तू पाहिली नाहीस? चक्र फिरायचं थांबेना तेव्हा मी घरी आले. संध्याकाळी पोती शिवली गेली.

सहाव्या दिवशी चौहान आला. शिडीवर चढून तारेवरून हात फिरवत गेला आणि मध्येच एका जागी थांबला. "इस पे क्या टाँगा था?"

"गोदड़ियाँ," मी म्हटलं.

तो रागावला नाही. रागावला असता तर बरं झालं असतं. "बेनजी," तो म्हणाला, "काँच है." मग त्यानं मोडलेली जागा कापली, केसासारखी दोन टोकं एका छोट्या पेटीत समोरासमोर ठेवली, आत निळसर ठिणगी उडाली आणि टोकं एकमेकांत वितळली. मी हे सगळं चष्मा पुसून पुसून बघत होते. हिरवा दिवा लागला.

पाच वाजता मनूनं फोन उचलला. दादा पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडलेला. मी सगळं सांगितलं, गोधड्यांचंही. ती ऐकत होती. मग हळूच म्हणाली, "आत्या, मला वाटलं तू साधा फोन तरी करशील. मी दोनदा लावला, तुझा लागतच नव्हता."

"घरात लागत नाही गं. पण तूच म्हणाली होतीस, साधा फोन नको म्हणून."

"ते चैत्रात, आत्या. तेव्हा रडायचे. नेट गेलं त्याच्या दुसऱ्या दिवशी पाच वाजता त्यांनी टॅब बाजूला सारला आणि हात कानाशी नेला. फोन दे, असं. मी दिला. तो कानाला लावून बसले सहा वाजेपर्यंत. वाजत नव्हता, तरी कानालाच. तीन दिवस असंच. काल नाही मागितला."

मी एक पोतं उसवायला सांगितलं. रामेश्वरनं शिवण कापली. मनूनं दादाला इकडे वळवलं. मी फोन सज्जनबाईच्या हातात दिला, पोत्यात हात घातला, कोपरापर्यंत, आणि म्हटलं, "दादा, बघ. रास झाली. तू म्हणायचास तसं आत गरम असतं." पोत्यात काही गरम नव्हतं. दोन दिवसांत दाणे निवले होते. दादा बघत होता. मी त्याच्या डाव्या हाताकडे बघत होते, मूठ वळेल म्हणून. त्यानं तळवा पसरला आणि हलवला. राहू दे.

त्याचा अर्थ मी वर्षभर लावते आहे. जाऊ दे, मनाला लावून घेऊ नकोस, असंही असेल. आता काय उपयोग, असंही असेल. बोलता येत असतं तर त्यानं एका शब्दात सांगितलं असतं.

त्यानंतरही रोज पाच वाजता फोन व्हायचे. गहू पेरला, पहिलं पाणी दिलं, दुसरं दिलं. तो बघायचा, पण मूठ वळायची नाही. पौषात एकदा वळली. मी हातात गव्हाचं रोप धरलेलं, ते मी जवळ नेलं. त्यानं थाप मारली. मग मला कळलं, मी रोप बाजूला केलं आणि माझाच चेहरा फोनजवळ नेला. त्यानं पुष्कळ वेळ पाहिलं. मोतीबिंदू, सुरकुत्या, सगळं बघितलं असणार. माघात एका पहाटे तो झोपेतच गेला.

मनू अस्थी घेऊन आली. रामघाटावर गुरुजींनी नाव-गोत्र विचारलं, ते तिनं नीट सांगितलं, आणि मी पाण्याकडे बघत उभी होते. मग ती चार दिवस शेतावर राहिली. ऑफिसचं काम इथूनच केलं. "आत्या," ती आश्चर्यानं म्हणाली, "इथलं नेट पुण्यापेक्षा चांगलं आहे गं!"

आहेच चांगलं. हिरवा दिवा आता कधी विझत नाही. चौहाननं दोन खांब मिळवून तार उंच नेली. संध्याकाळी गावातले चार-सहा जण आमच्या कडुलिंबाखाली येऊन बसतात, कुणी हवामान बघतं, कुणी भाचीच्या लग्नाचा व्हिडिओ, सज्जनबाई भजनं लावते. अंगण भरलेलं असतं आणि माना खाली. पाच वाजता मी आतल्या खोलीत असते. मनू रविवारी फोन करते, चांगली पोर आहे, पण तिलाही कामं असतात. मला फार एकटं वाटतं. हे लिहून टाकते, कारण कुणाला सांगायला गेलं की लोक शहरात परत चला म्हणतात, आणि तिथेही जिन्यात आता कोण उरलं आहे?

हे लिहायला घेतलं त्याला नऊ दिवस झाले. मध्ये यंदाच्या गोधड्या धुतल्या. बांधावर जुने बांबू रोवून रामेश्वरनं जाड दोरी बांधून दिली, त्यावर वाळत घातल्या. काल घट बसले. आज मळणी झाली, नेहमीच्या खळ्यावर, शेताच्या त्या टोकाला. रास लागली तेव्हा साडेचार झाले होते. मी बाही वर सारून हात घातला आणि मग तशीच, हाताला भुसा लागलेला, विहिरीवर गेले. घरात नेट होतं. तरी विहिरीवर गेले, पंपाच्या खोलीला टेकून उभी राहिले आणि बरोबर पाच वाजता मनूला साधा फोन लावला.

"आत्या? काय झालं? नेट गेलं का? व्हिडिओ का नाही केलास?"

"नेट आहे. तू नुसतं ऐक."

आणि मी सांगायला लागले. रास कुठे लागली, केवढी लागली. वर दाणे गार आहेत. मनगटापर्यंत काही कळत नाही, कोपर आत गेलं की ऊब लागते. दाणा यंदा टपोरा आहे, एका फलीत तीन, काहींत चार. कडेला भुशात दोन चिमण्या आहेत. रामेश्वर म्हणतो दासाब असते तर खूश झाले असते. आईची गोधडी वाळली, तिचा एक कोपरा उसवलाय, तो शिवून घेईन. मी बोलत गेले. पलीकडून मनू एक शब्द बोलली नाही. नुसता श्वास येत होता, मध्येच जरा अडखळत, मग पुन्हा. मला सांगण्यासारखं सगळं सांगून झालं.

या वेळी मी फोन ठेवला नाही.